चढणीचे खाचर की शेततळे? ओढ्याकाठच्या जमिनीपुरता विचार

कोकणात ओढ्याला लागून ज्यांची भातखाचरे आहेत, त्यांच्यापुढे हल्ली एक प्रश्न येतो: पुराचे पाणी शिरणारी सखल जमीन तशीच ठेवावी, की बांध बंद करून तेथे शेततळे खोदावे? मासे दोन्हीकडे मिळतात. परंतु मासा त्या पाण्यात कशासाठी येतो, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मृगाच्या जोरदार सरींनी ओढा काठ ओलांडतो, तेव्हा गाभोळीने (अंड्यांनी) भरलेले मासे प्रवाहाच्या उलट खाचरात चढतात. यांनाच चढणीचे मासे आणि रायगडाकडे वलगणीचे मासे म्हणतात. उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या जमिनीवर पाणी पसरले की गवत, शेण आणि पालापाचोळा कुजू लागतो, त्यावर सूक्ष्म जीव व कीटकांच्या अळ्या वाढतात, उथळ पाणी लवकर तापते आणि मोठ्या शिकारी माशांचा वावरही तेथे कमी असतो. पिल्लांना वाढण्यासाठी हेच लागते आणि ओढ्याच्या वेगवान धारेत ते मिळत नाही. पुढे बांधावर उभे राहिल्यास मरळीच्या तांबूस पिल्लांचा पुंजका हवा घेण्यासाठी एकदम पृष्ठभागावर येताना दिसतो. त्याच्या खालीच राखण करणारी मोठी मरळ असते. पाणी उतरू लागले की मोकळ्या वाटेने हे मासे ओढ्यात परततात.

शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगळ चांगले वाढतात, पण विणत नाहीत. हे मूळचे मोठ्या नद्यांचे मासे असून त्यांनाही अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते, उथळ पाणी लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा) अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले आणि मत्स्यबीज मिळू लागले. तरीही तळेवाल्याला बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) विकतच आणावी लागते. जांभ्या जमिनीत पाणी झिरपते म्हणून प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते आणि त्यामुळे तळाच्या मातीतून तयार होणारे नैसर्गिक खाद्यही घटते. मात्र बाजारात विकण्याजोगे, ठरावीक वेळी हाती येणारे उत्पन्न हवे असेल, तर तळेच योग्य. खाचरातील मासा घरच्या कालवणापुरता असतो.

माझे मत स्पष्ट आहे. ओढ्याशी जोडलेले खाचर बांध घालून बंद करू नये, कारण त्या बांधाने केवळ आपल्या वाट्याचे नव्हे, तर संपूर्ण ओढ्याचे बीज अडते. तळे हवेच असेल, तर ते वर, वरकस (चढावरच्या हलक्या) जमिनीत खोदावे आणि पाळलेले मासे ओढ्यात उतरू नयेत म्हणून सांडव्याला बारीक जाळी लावावी. खाचर राखणाऱ्यानेही पहिल्या पावसात चढणीच्या तोंडाशी जाळे लावू नये, कारण त्या वेळी अडकणाऱ्या माद्यांनी अजून अंडी घातलेली नसतात.