फ्लॉरेन्सहून एकट्याने एक निवांत दिवस: सिएना की लुक्का?

फ्लॉरेन्सला मुक्काम आहे, उफिझी संग्रहालय, दुओमो कॅथेड्रल, डेव्हिडचा पुतळा सगळं बघून झालंय, एक अख्खा दिवस मोकळा आहे आणि सोबत कुणी नाही, अशा वेळी बहुतेक जण पिसाला जातात, मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो काढतात आणि परत येतात. निवांत फिरायचं असेल तर माझ्या मते खरी निवड सिएना आणि लुक्का या दोनमध्ये आहे. दोन्ही तटबंदीतली जुनी शहरं, दोन्ही एकेकाळी स्वतंत्र प्रजासत्ताकं, दोन्ही साधारण सव्वा-दीड तासावर. पण दिवस एकदम वेगळा जातो. माझं मत आधीच सांगते, "निवांत" हा शब्द तुम्ही मनापासून वापरत असाल तर लुक्का. आणि थकायची तयारी असेल, चित्रं आणि इतिहास यासाठी जीव टाकत असाल तर सिएना, तिथे मग लुक्काचं नावही काढू नका.

आधी जायचं कसं ते. लुक्काला फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून थेट रीजनल ट्रेन आहे, उतरलात की समोर रस्ता ओलांडायचा, तट दिसतोच, पाच-सात मिनिटांत तुम्ही आत. सिएनाला पण ट्रेन जाते पण स्टेशन खाली आणि गाव वर टेकडीवर, समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांनी चढत चढत जावं लागतं, म्हणून सिएनासाठी मी बसच सांगेन, १३१ आर नंबरची "रापिदा" म्हणजे जलद बस, ती वर गावाजवळ सोडते आणि तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत मुख्य चौक. रविवारी बसा कमी असतात, परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा. आणि रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर दंड.

आता पाय. सिएना तीन टेकड्यांवर वसलंय, एकही गल्ली सपाट नाही म्हटलं तरी चालेल, गुडघे कुरकुरत असतील तर दुपारपर्यंत दमायला होतं. लुक्का तळहातासारखं सपाट.

पण सिएनात जे आहे ते लुक्कात नाही हे कबूल करायलाच हवं. पियात्सा देल काम्पो, तो शिंपल्याच्या आकाराचा विटांचा चौक, उतार सगळा पालात्सो पुब्लिको या जुन्या नगरभवनाकडे, आणि जमिनीवर पांढऱ्या रेघांनी पाडलेले नऊ भाग, कारण तेव्हा शहरावर नऊ जणांचं मंडळ राज्य करत होतं. त्याच इमारतीत वर आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये रंगवलेली चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रं आहेत. एकट्याने जायचा खरा फायदा इथे कळतो. चांगल्या राज्याच्या भिंतीपाशी उभं राहिलं की मचाणावर काम करणारे गवंडी दिसतात, मग दुकानं, मग शिकवणारे गुरुजी, रस्त्यात हात धरून नाचणारी मंडळी, वेशीबाहेर शेतं, जितका वेळ बघाल तितकं सापडत जातं आणि "चल ना आता" म्हणणारं कुणी नसतं. समोर शिंगं असलेला जुलमी राजा, ती बाजू बरीच खराब झालीये. ही चित्रं झाल्यावर दहाच वर्षांत, १३४८ मध्ये प्लेग आला आणि शहर कोलमडलं. तेव्हा सिएनेकर आपलं कॅथेड्रल प्रचंड वाढवायला निघाले होते, ते काम तिथेच थांबलं, त्या न झालेल्या भागाची उंच भिंत आजही नुसती उभी आहे, तिला फाच्यातोने म्हणतात, वर चढता येतं आणि सगळं गाव पायाखाली दिसतं. नगरभवनाच्या मनोऱ्याच्या, तोर्रे देल मांजाच्या, चारशेच्या आसपास पायऱ्या चढण्यापेक्षा मला हीच चढाई आवडते, कारण इथून मनोरा पण दिसतो.

कॅथेड्रलची संगमरवरी जमीन बघायचीच असेल तर तारखा बघून जा. एरवी बराचसा भाग झाकलेला असतो, साधारण जूनअखेर ते जुलै आणि मग ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडतात. मात्र २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत असते, आधीचे तीन-चार दिवस काम्पोत माती टाकून सराव चालतो, मोहल्ल्यांचे झेंडे, ढोल, प्रचंड गर्दी. बघण्यासारखं आहे, प्रश्नच नाही, पण तो निवांत दिवस नव्हे.

लुक्कात यातलं काही नाही आणि तरी मला तिकडेच पाठवावंसं वाटतं. कारण तट. चार किलोमीटरच्या वर घेर, सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेला, इतका रुंद की वर दोन्हीकडे झाडं आणि मधून आरामात रस्ता. इतका भक्कम बांधला आणि शत्रूनं कधी वेढाच घातला नाही, पुढे त्याची बाग झाली. स्टेशनजवळ किंवा वेशीजवळ सायकल भाड्याने घ्या, एक चक्कर मारा, वाटलं तर बुरुजावर बाकावर बसून राहा, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन फिरतायत, कुणी पळतंय, कुणी पुस्तक वाचतंय. एकटी बाई बसलीये म्हणून कुणी वळून बघत नाही. रस्ता चुकायचा प्रश्न नाही, गोल फिरून तिथेच येता. तिकीटही नाही.

खाली उतरलात की पियात्सा देल्लान्फितेआत्रो, रोमन अँफिथिएटरच्या जागेवर घरं उभी राहिली म्हणून चौक लंबगोल. तोर्रे ग्विनिजी या मनोऱ्याच्या माथ्यावर चक्क ओकची झाडं आहेत, दोनशेच्या वर पायऱ्या, सिएनाच्या मानाने सोपं. ऑपेरा लिहिणारा संगीतकार पुच्चिनी इथलाच, १८५८चा जन्म, घराचं म्युझियम आहे. पण एकच गोष्ट बघायची असेल तर कॅथेड्रलमधली इलारिया देल कार्रेत्तोची समाधी बघा. १४०५ मध्ये बाळंतपणात गेली, ग्विनिजी घराण्याची सून, संगमरवरात झोपलेली, उंच कॉलर गळ्याशी, आणि पायाशी छोटा कुत्रा मान वर करून तिच्याकडे बघतोय. बाजूने वाकून बघा, त्या कुत्र्याचा चेहरा तेव्हाच नीट दिसतो. गंमत म्हणजे हे काम याकोपो देल्ला क्वेर्चाचं, म्हणजे सिएनाच्या माणसाचं, काम्पोतलं फोन्ते गाया कारंजंही त्याचंच (चौकात आता प्रतिकृती आहे, मूळ तुकडे सांता मारिया देल्ला स्काला म्युझियममध्ये).

खाण्याचं. शाकाहारी असाल तर सिएनात पिची मागा, हाताने वळलेली जाड शेवईसारखी पास्ता, आल्योने म्हणजे लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये, रानडुकराच्या सॉसवालीही मेनूत शेजारीच असते तेव्हा नीट विचारून घ्या. बदामाची रिच्यारेल्ली बिस्किटं घरी न्यायला चांगली. लुक्काचे प्रसिद्ध तोर्देल्ली म्हणजे सारण भरलेली पास्ता, आत मांस, वर मांस, ते सोडा, पण चेचिना नक्की खा, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं, गरम असताना वर मिरपूड. एकट्याला टेबल मागायचा कंटाळा येत असेल तर हा तुकडा कागदात घेऊन तटावर जाऊन बसता येतं. सोबत बेदाणे-बडीशेप घातलेला गोड पाव, बुचेल्लातो.

ऑक्टोबरच्या शेवटी लुक्कात कॉमिक्सचा मोठा फेस्टिव्हल असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो, गाव आणि ट्रेन दोन्ही ठासून भरतात, त्या दिवसांत सरळ सिएनाची बस पकडा. आणि सिएनाच ठरलं तर जमल्यास एक रात्र राहा, टूरच्या बसा संध्याकाळी निघून जातात आणि काम्पोच्या विटा अजून कोमट असतात, तिथे पाय पसरून बसायला एक पैसा लागत नाही. राहणं जमत नसेल तर सकाळची पहिली बस, कॅथेड्रल आधी, चित्रं नंतर.