हाडावाटे वाजणारा हेडफोन: गोव्यात सायकलवर नऊ महिने

जुलैच्या ऐन पावसात घेतलेला हेडफोन मार्चअखेर साडेचार हजार किलोमीटरला पोचला. किंमत साडेआठ हजार. ब्रँड लिहीत नाही. पुढचं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही हेडफोनला लागू पडतं, आणि जे पडत नाही ते तक्रारीचं आहे.

कानात काहीच जात नाही. कानाच्या पुढ्यात, गालाच्या हाडावर बटणाएवढ्या दोन गाद्या टेकतात. त्या थरथरतात आणि आवाज हाडातून थेट आतल्या कानाला पोचतो. कानाचं भोक मोकळं राहतं. पणजी-रायबंदर कॉजवेवर एका बाजूला मांडवी आणि मागून बस आली की सरकायला जागा नाही, तिथे या मोकळ्या कानाची किंमत कळते. इयरबड घातलेल्याला बस शेजारी आल्यावर समजते. इथे ती बरीच मागे असतानाच इंजिनाचा बदललेला सूर कानावर येतो. वाड्यातल्या वळणापलीकडचा पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगाही येतो. इलेक्ट्रिक स्कूटर मात्र मोकळ्या कानालाही चकवते. त्यासाठी उजव्या मुठीच्या टोकाला बसणारा छोटा आरसा लावा, हेडफोनकडून ती अपेक्षा नको.

आता वारा. पावसाची भीती सगळे घालतात, वाऱ्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं. ताशी १८-२० किलोमीटरपर्यंत गाण्याचे बोल स्वच्छ येतात. २५ नंतर शब्द पुसट होतात, ३०च्या पुढे तंबोरा गेला म्हणून समजा. हा हिशेब सायकलच्या वेगाचा नाही, कानावरून जाणाऱ्या हवेचा आहे. सकाळी जुन्या गोव्याकडे जाताना हवा पडलेली असते. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो आणि पणजीकडे परतताना तो थेट तोंडावर येतो. सायकल २०ने, वारा १२ने, म्हणजे कानाशी ३२. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच आवाजात सकाळचं गाणं संध्याकाळी गायब होतं आणि माणूस हेडफोनला शिव्या घालतो.

अशा वेळी हात आवाज वाढवायच्या बटणाकडे जातो. तो आवरावा. एक तर वरच्या पायऱ्यांवर खर्जातला प्रत्येक ठोका गालाला गुदगुल्या करतो. दुसरं म्हणजे हाडावाटे आलेला आवाजही शेवटी त्याच कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात, पोचतो. ‘कानात घालत नाही म्हणजे कानाला धोका नाही’ हे विकणाऱ्यांचं लाडकं वाक्य साफ खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल ही आहे आणि ती इथेही तशीच लागू होते. फोमचे बोळे कानात घातले की खर्ज एकदम भरदार होतो, हे खरं. पण मग मोकळ्या कानासाठी मोजलेले पैसे पाण्यात.

खरा उपाय दहा रुपयांचा आहे. जुन्या फ्लीसच्या जाकिटातून १२ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा. हेल्मेटचा जो पट्टा कानाच्या पुढून खाली येतो त्याभोवती एकेक गुंडाळा आणि कडेने टाके घाला. लव बाहेरच्या बाजूला. वारा आधी त्या लवेत फुटतो आणि कानाशी होणारी फडफड कमी होते. सुती कापड चालत नाही. घामाने भिजून चपटं होतं. हेडफोन आधी, मग हेल्मेट, चष्मा सगळ्यांत शेवटी, हा क्रम ठरवून टाका. पट्टा गादीवर दाबून बसला तर गादी तिरकी होऊन एका बाजूचा आवाज निम्म्यावर येतो. पट्ट्याची जोडकडी कानाच्या पाळीखाली सरकवली की जागा होते. मानेमागची तार हेल्मेटच्या मागच्या चाकाला घासत असेल तर तार त्याच्या खालून जाऊ द्या. रेनकोटची कॉलर मात्र तिला वर ढकलतेच. यावर माझ्याकडे तोड नाही.

काय ऐकावं, हा प्रश्न इथे आवडीइतकाच यंत्राचा आहे. डग्ग्याचा घुमारा आणि घुमट या गोव्याच्या मातीच्या वाद्याचा खालचा नाद हाडातून अर्धाच येतो. मैफलीचं ध्वनिमुद्रण वाऱ्यात टिकत नाही: विलंबित आलाप ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर द्रुत तान गालावर आदळते. याउलट ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरचं गाणं इथे फार छान वाजतं. त्यांत खर्ज मुळात कमी आणि हळू-मोठ्यातलं अंतरही थोडं, शिवाय खरखर वाऱ्यात विरून जाते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ज्यांचा आवाज अंतराळात गेला त्या आमच्या केरीच्या केसरबाई रायबंदरच्या वाऱ्यालाही दाद देत नाहीत. बोलणं सगळ्यांत स्पष्ट येतं, तेव्हा कीर्तन, व्याख्यान बिनधास्त लावा. इक्वलायझरमध्ये खर्ज दोन पायऱ्या खाली आणि मधला पट्टा एक पायरी वर ठेवला की पुरे. बांबोळीच्या चढावर द्रुत लय नको. पाय लयीमागे धावतात आणि अर्ध्यात दम जातो. उतारावर तर बंदच करा, तिथे वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

फोन कुठल्या खिशात आहे यालाही महत्त्व आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं अंग बहुतांशी पाणीच. पाठीच्या खिशात, वर ओला रेनकोट, अशा वेळी गाणं अडखळतं. खिसा डावा-उजवा बदलून बघा. नाहीच जमलं तर फोन सायकलच्या पुढच्या पिशवीत टाका. गाणी आधीच उतरवून ठेवा, म्हणजे चोडण बेटाच्या खाजनातून, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतून, जाताना नेटवर्कच्या नावाने बोटं मोडायला नकोत.

पाऊस या हेडफोनने हसत सोसला. आयपी६७ म्हणजे धूळबंद, आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी गोड्या पाण्याची. घाम आणि खाऱ्या हवेची नव्हे. चौथ्या महिन्यात चार्जिंगच्या दोन पिनांपैकी एकीवर हिरवट डाग आला आणि चुंबकी केबल चिकटूनही दिवा लागेना. कारण साधं आहे. घामाचा मिठाचा थर पिनांवर असताना चार्जिंगला लावलं की वीज त्या ओलाव्यातून वाहते, सोन्याचा मुलामा खाते आणि खालचं तांबं उघडं पडतं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसल्यावर दिवा लागला. डाग गेला तरी मुलामा परत येत नाही.

तेव्हापासून घरी आल्यावर आधी नळाच्या बारीक धारेखाली अर्धा मिनिट, मग फडक्याने टिपून पंख्याखाली किमान दोन तास, आणि त्यानंतरच केबल. उन्हात वाळवू नका, बॅटरी तापते. तांदळाच्या डब्यातही नको, पीठ पिनांच्या खाचेत बसतं. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा. नाहीतर आठवड्यात सिलिकॉनवर बुरशीचे ठिपके. वॉरंटीत विचारलं तेव्हा पिनांचा गंज ‘पाण्यामुळे झालेलं नुकसान’ म्हणून नाकारला गेला. पाण्यात बुडवा म्हणून जाहिरात करणाऱ्यांचं हे उत्तर!

बॅटरी आठ तास म्हणतात. नवा असताना साडेसहा मिळत होते, आता सहाला थोडे कमी. फोनवर बोलायचा मायक्रोफोन चालत्या सायकलवर निरुपयोगी आहे. समोरच्याला फक्त घोंघावणं ऐकू येतं. बटणं खरीखुरी दाबायची आहेत, हे उत्तम. स्पर्शाची असती तर पावसाच्या थेंबांनीच गाणी बदलली असती.

हँडलला बांधायचा स्पीकर घ्यावा का, असं बरेच विचारतात. नको. २० च्या वेगाला त्याचाही आवाज वाराच नेतो, आणि पहाटे साडेपाचला दिवाडीच्या झोपलेल्या वाड्यातून तो वाजवत जाणं म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ मोडणंच. फेरीबोटीतही आपलं गाणं शेजाऱ्याच्या गळी उतरवायचं कारण नाही.

घ्यायचाच असेल तर यूएसबी-सी खाच असलेला मिळतो का ते आधी बघा. रबरी झाकण नीट लावायची कटकट असते, पण उघड्या पिना आमच्या हवेत टिकत नाहीत. चुंबकी केबलवालाच घेतलात तर दुसरी केबल त्याच दिवशी मागवून ठेवा; ती कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळेल अशी नसते.