निऑन की कार्डिनल?

एका मैत्रिणीने माशांची नवी टाकी लावली आणि निऑन टेट्रा मासा घ्यावा की कार्डिनल टेट्रा, इथेच अडली. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. जवळ जाऊन पोट पाहा: निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत. रंगात कार्डिनल सरस, यावर माझ्याशी वाद घालू नका.

खरा फरक पाण्यात आहे. कार्डिनल मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो आणि वरच्या ओरिनोको खोऱ्यातला. कुजलेल्या पाल्याने चहासारखं झालेलं, आम्लधर्मी, अगदी मऊ (क्षार कमी असलेलं) पाणी. त्याला २४ ते २८ अंश सेल्सियसची ऊब लागते. पश्चिम ॲमेझॉनमधल्या निऑनला २१ ते २५ पुरतं. बाजारातले निऑन बहुतेक पैदास केंद्रांतले, म्हणून थोडं जड (क्षार जास्त असलेलं) पाणीही चालवून घेतात. कार्डिनल अजूनही मोठ्या संख्येने नदीतूनच पकडले जातात. प्रवासाने दमलेले असतात, पहिले काही दिवस नाजूक.

निऑनची दुखरी नस म्हणजे 'निऑन टेट्रा रोग': रंग उडतो, मासा वाकडा पोहतो, उपाय नाही. कार्डिनलला हा त्रास कमी. (रात्री दोघांचेही रंग फिके पडतात, तेव्हा घाबरू नका.)

थवा दोघांनाही हवाच, आठ-दहा तरी.

पहिलीच टाकी आणि पाणी फार गरम नसेल, तर निऑन. डिस्कससारख्या उबदार पाण्यातल्या माशांसोबत ठेवायचे आणि टाकी चांगली मुरलेली (बरेच दिवस चालू, पाणी स्थिरावलेली) असेल, तर कार्डिनल. मैत्रिणीला मी निऑनच सांगितले.