पितळी बत्ती, पुठ्ठ्याचं तिकीट आणि आपला पावसाळा : जतनाच्या साहित्याचं परीक्षण

मिरजेपासून घटप्रभा, बेळगाव, खानापूर करत लोंढ्यापर्यंत रेल्वेत नोकऱ्या केलेल्यांची घरं पुष्कळ आहेत. माळा साफ करताना तिथे हातबत्ती निघते, टोकनचा, म्हणजे एकेरी मार्गावर गाडीला पुढे जायचा परवाना म्हणून देत त्या गोळ्याचा, पाऊच निघतो, पुठ्ठ्याच्या तिकिटांची चळत, तिकीट तपासनिसाचा पंच, मीटरगेजच्या रुळाचा हातभर तुकडा. मग गावचं वाचनालय किंवा शाळा एखादं कपाट रिकामं करून देते आणि छोटं संग्रहालय सुरू होतं. दक्षिण पश्चिम रेल्वेने २०२० साली हुबळीत संग्रहालय उघडलं. ते जरूर पाहावं, पण इंजिनं आणि डबे सांभाळायचं काम रेल्वेचं. आपल्या हातात आहे ते एक कपाट, आणि त्या कपाटासाठी बाजारातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये याचं हे परीक्षण आहे.

कसोट्या दोनच लावल्या आहेत. आज लावलेली गोष्ट वीस वर्षांनी कुणाला काढायची झाली तर वस्तूला धक्का न लावता निघते का? आणि खानापूर-लोंढ्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत ती टिकते का?

सुरुवात पितळ पॉलिशपासून, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. संग्रहातल्या वस्तूसाठी डब्यातलं द्रव पॉलिश घेऊच नये. त्यात बारीक घासणारी भुकटी असते आणि अनेक प्रकारांत अमोनिया. भुकटी दर वेळी पितळेचा एक थर नेते. आपल्या भागातल्या बत्तीवर किंवा पंचावर जी अक्षरं कोरलेली असतात ती फार उथळ असतात, आणि वस्तूचा काळ सांगणारी तीच असतात. सदर्न मराठा रेल्वेची खूण असेल तर वस्तू १९०८ च्या आधीची. एम. अँड एस. एम., म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा, असेल तर १९०८ ते १९५१ मधली. एप्रिल १९५१ मध्ये सदर्न रेल्वे झाली, ऑक्टोबर १९६६ मध्ये हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वे आहे. एकाच बत्तीवर दोन खुणा सापडल्या तर आनंदच मानावा. जुनी वस्तू नव्या खात्याने पुढे वापरली असा तो पुरावा आहे. चकचकीत केलेल्या बत्तीवर यातलं काहीच वाचता येत नाही.

अमोनियाचा धोका वेगळा. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळेत ताण उरलेला असतो आणि अमोनिया लागला की अशा पितळेला आपोआप तडे जातात. हे धातूशास्त्राला कळलं तेच हिंदुस्थानातल्या पावसाळ्यामुळे. लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात आणि ती तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ साली सिद्ध झालं. बत्तीची टोपी, बर्नरची मान, शिट्टीचा जोड या जागा अशाच ताणाच्या आहेत.

चिंच आणि लिंबू म्हणजे घरगुती, म्हणून निर्धोक, हा समजही सोडावा. आम्लाने पितळेतलं जस्त विरघळतं आणि तांबं मागे राहतं. घासल्यावर पितळ गुलाबीसर दिसू लागलं तर थांबा, तो रंग परत पिवळा होत नाही. खोबरेल किंवा तिळाचं तेल लावलं तर काही महिन्यांत हिरवा चिकट मळ धरतो, कारण तेलातली आम्लं तांब्याशी संयोग करतात. मधमाश्यांच्या मेणाचंही हेच होतं.

मग काय घ्यावं? मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स ६५ आणि २०० मिलिलिटरच्या डब्यात मिळतं. आयात माल असल्याने महाग वाटतं, पण एका बत्तीला वाटाण्याएवढं पुरतं, म्हणून छोट्या संग्रहाला लहान डबा कित्येक वर्षं जातो. आमच्या मते या यादीत पैसे खर्चावे अशी पहिली वस्तू हीच. हे मेण आम्लरहित आहे, सुकल्यावर चिकट राहत नाही, धूळ धरत नाही आणि व्हाइट स्पिरिटने निघतं.

लावण्याआधी टाकीतलं उरलेलं रॉकेल काढा. बाहेरची धूळ मऊ ब्रशने झटका. कापसाचा बोळा ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, पिळून, त्यावर सौम्य साबणाचा एक थेंब घेऊन पुसा. मग साध्या ओल्या बोळ्याने, मग कोरड्या. बत्ती पाण्यात बुडवू नका. बऱ्याच बत्त्यांचं अंग कल्हईच्या पत्र्याचं असतं, सांध्यात पाणी शिरलं की आतून गंज येतो. वाळली की जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने मेणाचा पातळ हात द्या, मिनिटाभरात दुसऱ्या कापडाने पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. मेणातला द्रावक पेट घेतो, तेव्हा जवळ चूल किंवा दिवा नको. दरवर्षी मे महिन्यात एक हात पुरे. पापुद्रे सुटलेल्या रंगावर आणि कागदावर हे मेण लावू नये.

बत्तीच्या आतली काजळी ठेवावी, ती वापराची खूण आहे. काचेबद्दल एक गोष्ट हमखास चुकते. जुन्या बत्तीची ‘हिरवी’ काच हातात घेतली तर निळसर दिसते. ती चुकीची बसवलेली नसते. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळसर काच ठेवली की लांबून हिरवा दिसतो. फुटली असेल तर फुटकीच ठेवा, बाजारातली गर्द हिरवी काच बसवू नका.

जुना लाल किंवा पिवळा रंग दिसला तर पॉलिश पेपर लावू नका. लोखंडावरच्या पहिल्या हातात शेंदूर, म्हणजे शिशाचा रंग, असण्याची शक्यता मोठी, आणि त्याची कोरडी धूळ श्वासातून शरीरात जाते. लहान मुलांच्या शाळेत तर हे काम करूच नये.

लोखंडासाठी हार्डवेअरच्या दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ मिळतो. टॅनिक आम्लाचा प्रकार बरा, नुसत्या फॉस्फरिक आम्लाचा तितका नाही. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर काळा थर तयार करतं. हिरडा आणि लोखंड मिळून जी काळी शाई होते, तीच ही क्रिया. पण हिरड्याचा काढा करून लावण्याचा मोह आवरा, त्यात इतरही बरंच काही असतं आणि त्यावर बुरशी येते. कन्व्हर्टरचं काम मर्यादित आहे: रुळाचा तुकडा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), डॉगस्पाइक (रूळ स्लीपरला ठोकायचा खिळा) यांसारखं जाड लोखंड. सुटा गंज तारेच्या नव्हे, नायलॉनच्या ब्रशने काढून एक पातळ हात, चोवीस तास वाळवून दुसरा, वर मेण. पितळ आणि लोखंड एकत्र असलेल्या वस्तूला, किंवा मूळ रंग शिल्लक असलेल्या वस्तूला तो लावू नका. वस्तूचा रंग कायमचा काळा होतो आणि मागे नेता येत नाही, म्हणून पहिल्या कसोटीवर तो अर्धाच उतरतो.

रुळाला काही लावण्याआधी त्याच्या पोटावर उठावाने लिहिलेलं वाचून घ्या. कारखाना, साल, वजन असं बरंच तिथे असतं. जुनं वजन यार्डाला पौंडात असे. अक्षरं दिसत नसतील तर खडू घासू नका. पातळ कागद ठेवून वरून ६बी पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटतो, आणि तो कागद वस्तूसोबतच जपा. स्टेशनवर गाडीची वर्दी देणारी घंटा म्हणूनही रुळाचे तुकडे टांगत. अशा तुकड्यावर ठोक्यांचे खळगे असतात, ते घासून सपाट करू नयेत.

आता तिकिटं. इथे खर्च कमी आणि नुकसान मोठं. पुठ्ठ्याचं तिकीट ही इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसनची एकोणिसाव्या शतकातली पद्धत. साधारण ५७ बाय ३१ मिलिमीटरचा पुठ्ठा, आधीच छापलेला अनुक्रमांक, आणि देताना यंत्राने उमटवलेली तारीख. प्रवास संपला की गेटवर तिकीट काढून घेत, त्यामुळे पंच पडलेलं आणि तारीख असलेलं तिकीट कोऱ्या तिकिटापेक्षा दुर्मीळ. ‘बेलगाम’ असं नाव छापलेलं तिकीट १ नोव्हेंबर २०१४ च्या नामांतराच्या आधीचं, हुबळीचंही तेच.

लॅमिनेशन करू नका. आमचा या परीक्षणातला सगळ्यात ठाम शब्द हाच. उष्णतेने वितळलेलं प्लास्टिक पुठ्ठ्याच्या तंतूंत शिरतं, ते पुढे काढायला गेलं तर छापाचा थर सोबत येतो. चिकटपट्टीचंही तसंच: पट्टी गळून पडते, पण डिंक पिवळा होऊन कागदात उतरलेला असतो. झेरॉक्सच्या दुकानातले स्वस्त पारदर्शक पाउच बहुधा पीव्हीसीचे असतात. ते काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पीव्हीसी ओळखायची सोपी रीत आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल करा, प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी धरावं. हे अंगणात करावं, धूर घेऊ नये.

घ्यायचं ते ७५ ते १०० मायक्रॉनचं पॉलिएस्टर. टपाल तिकिटांच्या संग्राहकांच्या दुकानात त्याच्या पट्ट्या मिळतात. तिकिटापेक्षा चारी बाजूंनी ४ मिलिमीटर मोठा खिसा, आणि एक बाजू उघडी, म्हणजे आत दव धरत नाही. पाकिटावर लिहायचं ते तिकीट आत घालण्याआधी लिहा, नाहीतर अक्षरं पुठ्ठ्यावर दबतात.

फाटलेल्या वेळापत्रकाला किंवा वर्किंग टाइमटेबलला (रेल्वे कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत वेळापत्रकाला) बुकबाइंडर खळ लावून देतो. खळ चांगलीच, पण कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची पद्धत आहे. तांब्याचे क्षार कागद जाळतात. त्या पट्टीखालचा कागद आधी तपकिरी होतो, मग तुटतो. बाइंडरला मोरचुदाशिवाय, गव्हाच्या पिठीची ताजी खळ करायला सांगा.

सिलिका जेल घेताना लोक दोन चुका करतात: झाकण घट्ट नसलेल्या कपाटात पुड्या टाकतात, आणि एकदा टाकून विसरतात. उघड्या कपाटात त्याचा काहीही उपयोग नाही. रबराची कड असलेला घट्ट डबा हवा, आणि दर लिटर जागेला साधारण २० ग्रॅम हा अंदाज धरावा, म्हणजे दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम. निळ्याचं गुलाबी होणाऱ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. नारिंगीचं हिरवं होणारे दाणे घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास दोन-तीन तास. कढईत परतू नका, तापमान हाताबाहेर जातं आणि दाणे निकामी होतात. हे सगळं लोखंडासाठी. कागद आणि पुठ्ठा इतके कोरडे केले तर वाकतात, ठिसूळ होतात. त्यांना ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते, ६५ च्या वर बुरशीची भीती.

आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल मीटर पुरतो, पण स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते खिरीइतकं ओलं करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. जितका फरक तितका मीटरवर चिकटवून ठेवा. सगळ्या यादीतली ही सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाची वस्तू.

कपाट स्टीलचं घ्या, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वीतभर वर. प्लायवूडच्या नव्या शोकेसमधून आम्लाची वाफ निघत राहते. वॅगनच्या शिशाच्या सिलांवर त्यामुळे पांढरी भुकटी चढते आणि सील हळूहळू विरून जातं. सिलांसाठी काचेची बरणी उत्तम.

क्रमांक घालण्यासाठी पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये १५ ते २० टक्के विरघळवून घ्या. न दिसणाऱ्या जागी बोटाच्या नखाएवढा थर द्यायचा, सुकल्यावर त्यावर इंडिया इंकने क्रमांक, वर आणखी एक थर. पुसायचं झालं तर ॲसिटोनचा बोळा पुरतो, मात्र रंगवलेल्या भागावर ॲसिटोन नको. नेलपॉलिश स्वस्त पडतं, पण पिवळं पडतं आणि आकसून सुटतं. क्रमांकासमोर वहीत कोणत्या स्टेशनचं, कुणाच्या घरातून, कोणत्या साली आलं हे त्याच दिवशी लिहा. बत्ती गुंजीची की तिनईघाटची हे वस्तूवरून कळत नाही, देणाऱ्याच्या तोंडूनच कळतं.

टोकनच्या पाऊचची कातडी पट्टी आणि वेताचं कडं यांना काहीच लावू नका, तेल नको, मेण नको. कड्याच्या आकाराचा पुठ्ठा आत ठेवून आडवं ठेवा, टांगू नका.

दोन गोष्टींवर पैसा नाही, दक्षता लागते. धुक्याच्या सिग्नलचे, म्हणजे चालकाला इशारा म्हणून रुळावर ठेवायचे, चपटे, गोल पत्र्याचे फटाके माळ्यावर सापडले तर हलवू, उघडू, ठोकू नका. ते जिवंत असू शकतात. जागेवर ठेवून जवळच्या स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वे सुरक्षा दलाला कळवा. वाफेच्या नळीभोवती पांढरट दोरी किंवा लेप असेल तर तो ॲस्बेस्टॉस समजून झाकून ठेवा.

आणि रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, म्हणून वस्तू कुठून आली याचा कागद हवा. लिलावात घेतलेल्या भंगाराची पावती, निवृत्त कर्मचाऱ्याच्या घरून आलेल्या वस्तूसोबत देणाऱ्याचं सहीचं पत्र, दोन्ही क्रमांकासह फाइलला लावा, आणि ती फाइल वस्तूंच्या कपाटात न ठेवता दुसऱ्या कपाटात ठेवा.