कापसाचा चुकारा कोणत्या खात्यात घ्यावा?

घरात पासबुकं तीन-चार असतात: जनधनचं, बचतीचं, पीककर्जाचं, एखादं पतसंस्थेचं. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस घालायच्या नोंदणीच्या वेळी हाताला लागेल त्याची झेरॉक्स जोडली जाते आणि मग चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, अडकला म्हणून तालुक्याला चकरा सुरू होतात.

जनधन आणि साधं बचत खातं यांत व्याजाचा फरक नाही. जनधनला किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. रुपे कार्डावर 2 लाखांचा अपघात विमाही आहे (28 ऑगस्ट 2018 नंतरच्या खात्यांना), पण अपघाताआधीच्या 90 दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. कार्ड पेटीत जपून ठेवणाऱ्यांचा दावा इथेच फसतो. पुरी केवायसी (ओळख आणि पत्त्याची कागदपत्रं) झालेलं जनधन खातं चुकाऱ्याला चालतं.

घोळ होतो तो 'छोट्या खात्या'चा. शिबिरात नुसता फोटो आणि अंगठा देऊन उघडलेलं हे खातं लोक जनधनच समजतात. त्यात शिल्लक 50 हजारांवर जाऊ शकत नाही (सरकारी अनुदान आणि खरेदीच्या चुकाऱ्याला शिल्लकेची ही अट नाही), वर्षभरातली एकूण जमा 1 लाखावर नाही आणि महिन्याला 10 हजारच निघतात. आता हिशोब करा: 2025-26 ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये. 15 क्विंटल घातला की 1,15,650 रुपये. वर्षाच्या जमेची मर्यादा एका गाडीतच संपली. उपाय सोपा आहे. आधार आणि पॅन, पॅन नसेल तर फॉर्म 60, घेऊन शाखेत जा आणि केवायसी पुरी करा. हे कापूस निघायच्या आधी करा, नंतर रांगा लागतात.

पीककर्जाचं खातं मात्र चुकाऱ्याला देऊ नका. ते कर्जखातं आहे. आलेली रक्कम आधी कर्जात वळती होते. कर्ज फेडायचंच असेल तर गोष्ट वेगळी, पण रब्बीचं बियाणं आणि मजुरी त्याच पैशातून भागवायची असेल तर हात रिकामे राहतील. कर्ज थकलं असेल तर त्याच बँकेच्या बचत खात्यालाही होल्ड लागू शकतो, म्हणजे पैसे काढता येत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या बँकेतलं बचत खातं बरं.

चालू खातं कृषी केंद्रवाल्याला, अडत्याला ठीक. व्याज शून्य, शिल्लक जास्त ठेवावी लागते. शेतकऱ्याला त्याचं काम नाही.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिला स्वतःचा आयएफएससी (ऑनलाइन पैसे पाठवायला लागणारा बँक-शाखेचा कोड) नसतो आणि बँकेतल्या ठेवीला असतं तसं 5 लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही नसतं.

आता नंबर. आयएफएससी 11 अक्षरांचा: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहिला की अर्ज परत. एमआयसीआर नऊ अंकी, चेकच्या खालच्या पट्टीवर असतो. तो चेक वटवण्यासाठी, ऑनलाइन पैसे पाठवायला नव्हे. सीआयएफ हा ग्राहकाचा क्रमांक, खात्याचा नाही. स्टेट बँकेत दोन्ही 11 अंकी असल्याने पासबुकावरून उतरवताना अदलाबदल होते. शाखेचा शिक्का मारलेल्या पानावर 'खाते क्रमांक' कुठे लिहिलंय ते बोट ठेवून वाचा.

जुन्या पासबुकावरचा कोड तर तपासाच. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे. पासबुक नवं छापून घ्या.

आणि सगळ्यात मोठी गोम: सीसीआयचा चुकारा आणि पीएम-किसानचे 2 हजार आधारवर येतात. झेरॉक्स कोणतीही दिलेली असो, पैसे जातात आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. बँकेला आधारची प्रत देणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) खातं जोडणं वेगळं. डीबीटीच्या जोडणीसाठी संमतीचा फॉर्म भरावा लागतो. मायआधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. ते नाव हवं त्या बँकेचं नसेल, तर हव्या त्या बँकेच्या शाखेत संमतीचा फॉर्म द्या आणि आठवड्याभराने पुन्हा बघा.