एक ओवी, एक स्तोत्र की अख्खा अध्याय?

"मावशी, यंदा बायबलमधली वचनं पाठ करायचीत. कुठून सुरुवात करू?" नवीन वर्षाची उपासना संपली की चहाच्या रांगेत हा प्रश्न ठरलेला. यंदा विचारणारे दोघं होते. एक ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारी पोरगी आणि दुसरे कळव्याचे काका, नुकतेच निवृत्त झालेले. दोघांना मी वेगवेगळं सांगितलं. मग वाटलं, का वेगळं सांगितलं ते लिहून ठेवावं, म्हणजे तिसऱ्याला ठरवायला सोपं जाईल.

सगळ्यात आधी सुटी वचनं, कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. योहान ३:१६, नीतिसूत्रे ३:५-६, फिलिप्पैकरांस ४:१३. आधी पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग ओवी, म्हणजे अध्यायातला आकडा घातलेला छोटा तुकडा. आठवड्याला एक ओवी, वर्षाला बावन्न. हिशेब छान दिसतो आणि लहान मुलांना हेच जमतं. पण माझा स्वतःचा अनुभव सांगते. संडे स्कूलच्या पाठांतर स्पर्धेसाठी मी चाळीस वचनं घोकली होती, बक्षिसाला स्टीलचा डबा मिळाला. डबा अजून वापरात आहे, वचनांतली आठ-दहा उरलीत. बाकीच्यांचे नुसते आकडे आठवतात. किल्ल्यांचा जुडगा आहे, कुलपं कुठली ते माहीत नाही, अशी गत.

दुसरी अडचण याहून मोठी. ओव्यांचे आकडे मुळात नव्हतेच. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, आज आपण वापरतो ते आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. शोधायला सोय झाली, पण वाक्यं मधूनच कापली गेली. इफिसकरांस पत्रातल्या पहिल्या अध्यायाच्या ३ ते १४ या ओव्या ग्रीकमध्ये मिळून एकच लांबलचक वाक्य आहे. त्यातली एक ओवी उचलणं म्हणजे पुरणपोळीतलं नुसतं पुरण खाणं. गोड लागतं, पण ती पोळी नव्हे.

फिलिप्पैकरांस ४:१३ घ्या. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." बारावीच्या हॉल तिकिटाच्या मागे चिकटवलेलं पाहिलंय मी हे, जिमच्या भिंतीवरही. त्याच्या आधीच्या दोन ओव्या कोणी चिकटवत नाही. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की तृप्त असणं नि भुकेलं असणं, भरपूर असणं नि गरजेत असणं, दोन्ही मी शिकलोय. पत्र लिहितोय तेही बंदिवासातून. म्हणजे ही ओवी पहिला नंबर येण्याची नाही, नंबर हुकला तरी उभं राहण्याची आहे. म्हणून सुटं वचन घेतलंत तरी ११ ते १३ असं घ्या. दोनच ओव्या जास्त, पण अर्थ जागेवर येतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चं तर कॅलेंडरवाल्यांनी पार लोणचं घातलंय. देवाचे संकल्प हिताचे, अनिष्टाचे नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक. हे वाक्य ज्या पत्रात आहे ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, पकडून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे, आणि आधीच्याच ओवीत सांगितलंय की सुटका सत्तर वर्षांनी. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत नाही! तोवर काय करायचं? घरं बांधा, राहा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आणून टाकलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निम्मी घरं नगर-जालन्याकडून आलेली. सिडकोच्या खोलीत राहून तीस वर्षं झाली तरी "आमच्या गावाकडे" म्हणणारी. त्यांच्यासाठी एक ओवी नव्हे, ४ ते १४ हा पूर्ण उतारा. अकराच ओव्या आहेत, आणि गोष्टीसारखा पुढे सरकतो म्हणून लवकर बसतो.

आता बायबलच्या स्तोत्रसंहितेतली छोटी स्तोत्रं. माझं झुकतं माप इथेच आहे, लपवत नाही. २३ वं सहा ओव्यांचं, १०० वं पाचांचं, १२१ वं आठांचं. नुसता आकडाच हवा असेल तर ११७ वं दोनच ओव्यांचं, बायबलमधला सर्वांत लहान अध्याय. स्तोत्रं मुळात म्हणण्यासाठीच रचलेली, त्यामुळे जीभ त्यांना लवकर सरावते. तेविसावं सावकाश म्हटलं तरी मिनिटभराचं. लोकलने ऐरोलीहून ठाणे गाठेपर्यंत, दिघा गावचा नवा थांबा धरूनही, चार-पाच वेळा होतं.

"परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." इथून तीन ओव्या 'तो' करतो, 'तो' नेतो, असं चालतं. चौथ्या ओवीत, मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्याबरोबर, 'तो' चा 'तू' होतो. कुरणात असताना देवाविषयी बोललं जातं, अंधारात देवाशी. पाठ करताना नेमके इथे लोक अडखळतात. हा बदल एकदा दाखवला की अडखळणं थांबतं, आणि दवाखान्याच्या बाकावर म्हणायची वेळ आली की तो का आहे तेही कळतं. मला तशी रात्र आली होती. चाळीस वचनांपैकी एकही धड आठवेना, हे मात्र शेवटपर्यंत म्हणता आलं.

रात्रपाळीवाल्या पोरीला मी १२१ वं दिलं. "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" हा प्रश्न आहे. उत्तर दुसऱ्या ओवीत, आणि ते डोंगर नव्हेत, डोंगर घडवणारा आहे. नुसती पहिली ओवी पाठ करणारा प्रश्नावरच थांबतो. पुढे शब्दांची शिडी लागते. पहिलीतलं 'साहाय्य' दुसरीत, तिसरीतली 'डुलकी' चौथीत, आणि रक्षण करणं हे क्रियापद मूळ हिब्रूत आठ ओव्यांत सहा वेळा. यरुशलेमची वाट चढताना यात्रेकरू म्हणत त्या पंधरा आरोहणस्तोत्रांतलं हे एक, वारीत चालता चालता अभंग म्हणावा तसं.

लांब उताऱ्यांचं थोडक्यात. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय तेरा ओव्यांचा, मधल्या भागात "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" अशी यादी असल्याने क्रम घसरतो. येशूच्या डोंगरावरल्या प्रवचनातली धन्यवचनं, मत्तय ५:३ पासूनची, सोपी वाटतात पण फसवी. 'धन्य' सगळीकडे तेच, 'कारण' च्या पुढची अदलाबदल होते. खूण एवढीच की तिसऱ्या आणि दहाव्या ओवीचा शेवट एकच आहे, "स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे". तिथे परत आलात की फेरी पूर्ण. अख्खं पत्र हवं असेल तर फिलिप्पै. चार अध्याय, १०४ ओव्या, आठवड्याला एक धरली तर बरोबर दोन वर्षं. स्तोत्र ११९ च्या १७६ ओव्यांच्या नादी लागू नका. त्यातलं १०५ ते ११२ हे एक कडवं घ्या. हिब्रूत त्या आठही ओव्या एकाच अक्षराने सुरू होतात. मराठीत तो आधार मिळत नाही.

भाषांतराचा निर्णय मात्र आधी घ्या, नंतर बदलू नका. मंडळीत वाचलं जाणारं बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र थोडं जुन्या वळणाचं आहे, 'चिंताक्रांत', 'सार्वकालिक' असे शब्द येतात. पण कान त्यालाच सरावलेले, आणि घाट असलेलं वाक्य लक्षात राहतं. सोपी मराठी आवृत्ती अर्थ कळायला उत्तम, पाठांतराला मला सपाट वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून आलं. लहानपणी आईपाशी भागवत मुखोद्गत केलेल्या बाईचं ते मराठी आहे. वाचाच, पण सोबत म्हणायला कोणी मिळणार नाही. मुलं इंग्रजी शाळेतली असली तरी घरातली प्रार्थना ज्या भाषेत होते, तिच्यातच पाठ करून घ्या.

काकांना मी ७१ वं सुचवलं होतं. "वृद्धपणी मला टाकू नकोस" म्हणणारं स्तोत्र. त्यांना ते लागलं असावं. त्यांनी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय धरला, एकोणचाळीस ओव्या, आणि मार्चमध्येच पंधरावीला पोचले. मी गप्प.

पोरीने परवा पहाटे कॅबमधून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे ड्रायव्हरची गाणी चालू. दिवसा सूर्याची व रात्री चंद्राची बाधा होणार नाही, ही सहावी ओवी तिने गाळलीय. आज फोन करून सांगते, तुझ्या रात्रपाळीची तीच तर ओवी आहे गं.