सासवडच्या शेतातला छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागून आलेली हत्यारांची पेटी: चार वर्षांचा अनुभव

पुण्यात हडपसरला घर आणि दिवे घाट चढून सासवडच्या पुढे सव्वातीन एकर शेत, अशी आमची विभागणी वडिलांच्या काळापासून आहे. भोसरीच्या एका कारखान्यातील टूलरूममधून निवृत्त झाल्यावर मी २०२१ च्या दिवाळीत २१ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला छोटा ट्रॅक्टर घेतला. आज त्याच्या अवर मीटरवर ५७८ तास दिसतात. शेतात निम्म्यावर सीताफळ, पाऊण एकर अंजीर आणि उरलेल्या जमिनीत बाजरी व वाटाणा असल्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टरचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या या वर्गातील कोणत्याही यंत्राच्या मालकाच्या वाट्याला येऊ शकतात. माझे मत मात्र आधीच नोंदवतो. ट्रॅक्टर चांगला आहे, पण तो चांगला राहिला तो पंचवीस-सव्वीस हजारांच्या हत्यारांमुळे, आणि ही हत्यारे मी ट्रॅक्टरच्या आधी घ्यायला हवी होती.

खरेदीच्या वेळी माझी पहिली चूक अश्वशक्तीच्या आकड्यावर विसंबून राहण्याची झाली. माहितीपत्रकावरचा ठळक आकडा इंजिनाचा असतो. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर किंवा फवारणीचा ब्लोअर ज्या पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर चालतो, तिथे त्यातले दोन-तीन अश्वशक्ती कमीच पोहोचतात. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर-चाचणी संस्था आहे आणि तिच्या अहवालात पीटीओची ताकद, मागचे अवजार वर घेणाऱ्या लिफ्टची उचल, डिझेलचा खप हे सगळे मोजून दिलेले असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा, असे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही. परिणामी ‘साहेब, आरामात ओढतो’ या भरवशावर मी चार फुटी रोटाव्हेटर घेतला. पहिल्याच वळवानंतर ओढ्याकाठच्या काळ्या पट्टीत इंजिन असे दबू लागले की पाच-पाच मिनिटांनी क्लच दाबून त्याला श्वास घेऊ द्यावा लागे. पुढच्या हंगामाआधी मी तो विकून तीन फुटी घेतला आणि त्या अदलाबदलीत सहा हजार रुपये गेले. तीन फुटीवर माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे तासाला दोन ते सव्वादोन लिटर डिझेल लागते आणि इंजिनाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहतो.

बागेतील चालीबद्दल मात्र तक्रार नाही. सीताफळाची आमची लागवड चार मीटरवर आहे, पण सहा-सात वर्षांच्या झाडांचा घेर जमेस धरला तर मधे मोकळी वाट सहा फुटांचीही उरत नाही. साडेतीन फूट रुंदीचा हा ट्रॅक्टर तिथून फांद्या न मोडता जातो आणि बांधाशी एका बाजूचा ब्रेक दाबला की जवळजवळ जागच्या जागी वळतो. अडचण झाली ती सायलेन्सरची. बॉनेटमधून वर आलेला उभा सायलेन्सर अंजिराच्या खालच्या फांद्यांना लागून पाने करपवत असे. बागेसाठीच्या काही मॉडेलांना तो खालून काढलेला असतो. फळबाग असणाऱ्याने तसाच मागावा, कारण नंतर बदलून घेताना खर्चही होतो आणि हमीचा वादही उभा राहतो.

आता हत्यारांकडे वळतो. याची सुरुवात एका नामुष्कीने झाली. पहिल्या वर्षी जूनमध्ये, आभाळ भरून आलेले असताना आणि बाजरीचे रान निम्मे उरलेले असताना, ट्रॅक्टर उसासे टाकत बंद पडला. डिझेल संपले होते. कॅन आणून टाकी भरली, तरी तो चालू होईना, आणि स्टार्टर मारून मारून मी बॅटरीही उतरवत आणली. शेजारच्या बांधावरून तात्या आले आणि त्यांनी विचारले, ‘हवा काढली का?’ मी गप्प. कारखान्यात मायक्रॉनची भाषा बोलणारा माणूस डिझेलच्या नळीत हवा शिरते हे विसरला होता. तात्यांनी फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीड पंपाची दांडी अंगठ्याने वर-खाली करायला मला बसवले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल आले, आणि तेव्हा त्यांनी स्क्रू आवळला. एवढ्यावर चालू झाला नाही म्हणून इंजेक्टरच्या पाइपाचा नट १७ नंबरच्या पान्याने किंचित सैल करून स्टार्टर मारला. डिझेलची चिळकांडी उडताच नट घट्ट केला आणि पुढच्या फिरकीला इंजिन पेटले. सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली. मेकॅनिकला फोन केला असता तर दुसरा दिवस उजाडला असता आणि रान ओले होऊन चार दिवस खोळंबले असते. तो १७ नंबरचा पाना तात्यांचा होता. माझ्याकडे तोवर ट्रॅक्टरसोबत आलेली, पत्र्यासारख्या पातळ पान्यांची पिशवी होती.

दुसऱ्याच आठवड्यात मी रविवार पेठेतील बोहरी आळीत जाऊन ६ ते ३२ मिलिमीटरपर्यंतचे दुतोंडी पाने, रिंग पाने, अर्ध्या इंची ड्राइव्हचा सॉकेट संच आणि ग्रीस गन घेतली. पाने नाशिकच्या टपारियाचे आहेत. चार वर्षांत एकाही पान्याचे तोंड फाकलेले नाही आणि याहून जास्त काही पान्याबद्दल लिहिण्याची गरज नाही. १९ नंबरचे मात्र दोन घ्यावेत. रोटाव्हेटरची पाती ज्या बोल्टांनी बसतात त्यांना एक पाना डोक्याला आणि दुसरा नटाला लागतो, आणि पाती तर मुरमाड रानात दर हंगामाला बदलावी लागतात.

बोल्टांवरून एक महागात पडलेली गोष्ट सांगायला हवी. रोटाव्हेटरच्या शाफ्टवर एक शिअर बोल्ट असतो. पाते दगडात अडकले की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, एवढेच त्याचे काम. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत ८ मिलिमीटरचा, ४.६ दर्जाचा बोल्ट सांगितला आहे. एके दिवशी तो तीनदा तुटला तेव्हा गावातल्या एका कारागिराने ‘आता तुटणार नाही’ असे म्हणून ८.८ चा बसवून दिला, आणि मीही घाईत पाहिले नाही. बोल्टच्या डोक्यावरचा पहिला आकडा त्याची ताणशक्ती सांगतो. ४ म्हणजे ४०० मेगापास्कल आणि ८ म्हणजे ८००. थोडक्यात, फ्यूजच्या जागी जाड तार घातली गेली. पुढच्या दगडाला बोल्ट खरोखरच तुटला नाही. तुटले ते आतल्या गिअरचे दोन दात, आणि दुरुस्तीचे बिल सात हजारांवर गेले. ज्याने आयुष्यभर कारखान्यात फास्टनरचे दर्जे तपासले त्याच्या शेतात हे घडले, म्हणून मी त्या कारागिराला फारसा बोललो नाही. तेव्हापासून योग्य दर्जाचे डझनभर बोल्ट सीटखालच्या डब्यात असतात.

विजेच्या हत्यारांमध्ये सर्वांत आधी ग्राइंडर घेतला आणि तिथेही स्वस्ताचा मोह नडला. अनोळखी नावाचा अकराशे रुपयांचा ग्राइंडर पाचव्या महिन्यात घरघर करू लागला. उघडून पाहिले तर तिरप्या दातांचे गिअर झिजून गुळगुळीत झालेले, आणि सुटे भाग कुठेच मिळेनात. त्यानंतर बॉशचा ४ इंची घेतला. त्याचे कार्बन ब्रश मी एकदा बदलले आहेत आणि ते बोहरी आळीत मागितल्याबरोबर मिळाले. माझ्या मते ग्राइंडर निवडण्याची खरी कसोटी हीच आहे. चकतीच्या बाबतीत मात्र मी कुणाचे ऐकत नाही. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणून चकतीवर त्याहून मोठा आकडा छापलेला आहे का ते पाहावे. मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असेल तर तीही वाचावी, कारण चकतीतील राळ दमटपणाने आणि काळाने कमकुवत होते. गार्ड काढून ५ इंची चकती बसवणे किंवा लाकडासाठी दातेरी पाते लावणे हे प्रकार शेतावर सर्रास दिसतात. माझ्या शेडमध्ये ते चालत नाहीत, आणि यावरून एका गड्याने काम सोडले तरी मी नियम बदललेला नाही.

ड्रिलबाबत एकच सांगतो: वेग कमी-जास्त करता येणारेच घ्यावे. १० मिलिमीटरच्या हायस्पीड स्टीलच्या बिटाने साध्या पोलादी पट्टीला भोक पाडायचे तर मिनिटाला ८०० फेरे पुरतात. एकाच वेगाच्या ड्रिलने तीन हजारांवर तेच काम करू गेलात तर बिट निळे पडते आणि दुकानदाराला मात्र बिट खराब दिले म्हणून बोल लागतात.

वेल्डिंग यंत्र मी सर्वांत उशिरा, २०२३ मध्ये घेतले. इन्व्हर्टर पद्धतीचे २०० अँपियरचे हे यंत्र एका हाताने उचलता येते आणि हडपसरच्या घरी त्याने उत्तम काम केले. शेतावर नेले तर रॉड चिकटू लागला. दोष यंत्राचा समजून मी ते परत देण्याच्या तयारीत होतो, पण त्याआधी मल्टिमीटर लावून पाहिला. भार नसताना विहिरीवरच्या पेटीत १९५ व्होल्ट होते, आणि तिथून शेडपर्यंत मी ३० मीटरची दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती. जाण्या-येण्याची मिळून ६० मीटर तांब्याची तार होते आणि २० अँपियरला तिच्यातच सुमारे १५ व्होल्ट खर्ची पडतात. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर हे नुकसान पाच-साडेपाच व्होल्टांवर आले आणि २.५ मिलिमीटरचा रॉड ८० अँपियरवर सुरळीत चालू लागला. ३.१५ चा रॉड संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू असताना आजही नीट चालत नाही. तेवढ्या जाडीचे काम, उदाहरणार्थ कुळवाच्या सांगाड्याचा तडा, मी सकाळी करतो. शेतासाठी असे यंत्र घेणाऱ्याने ते किती कमी व्होल्टेजवर चालते हे कागदावर पाहावे आणि वायरीसाठी वेगळे पैसे धरावेत.

या सगळ्यात माझी सर्वांत लाडकी खरेदी मात्र जुन्या बाजारातली आहे. एका रविवारी मंगळवार पेठेतल्या त्या गर्दीत ६ इंची बेंच व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरणारा टेबलावरचा शिकंजा दिसला. रंग उडालेला, पण ओतीव लोखंड निर्दोष. कागदाची एक पट्टी डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला धरून जबडे मिटले. दोन्ही पट्ट्या सारख्याच घट्ट बसल्या आणि ओढल्यावर दोन्ही फाटल्या, म्हणजे जबडे समांतर होते. मग घासाघीस करून अठराशेला घेतला. नव्या स्वस्त व्हाइसमध्ये ही परीक्षा मी तीन दुकानांत केली होती आणि तिन्ही ठिकाणी एक पट्टी सहज सुटून आली होती.

विक्रीनंतरच्या सेवेविषयी संमिश्र अनुभव आहे. ५० तासांनंतरची पहिली सर्व्हिस वेळेवर आणि नीट झाली. तिसऱ्या वर्षी लिफ्टने त्रास दिला. रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद केले की तो हळूहळू खाली बसू लागला. मी शेडच्या भिंतीवर खडूने रेघ मारून पाहिले, दहा मिनिटांत चार बोटे उतरत होता. सेवा केंद्राने ऐन जुलैत एका ओ-रिंगसाठी, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीसाठी, आठ दिवस लावले, आणि ती आल्यावर काम दोन तासांचेच निघाले. जुना ट्रॅक्टर पाहायला जाणाऱ्याने ही खडूची रेघ अवश्य मारावी. नवा घेणाऱ्यांची एक गोष्ट माझ्यापेक्षा बरी आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

रोजच्या देखभालीत दोन कामे मी कुणावर सोपवत नाही. धुळीच्या दिवसांत ऑइल-बाथ एअर फिल्टरची, म्हणजे इंजिनाची हवा तेलातून गाळणाऱ्या फिल्टरची, वाटी उघडून तेल पाहणे हे एक, आणि पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस देणे हे दुसरे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. उपरण्याचे किंवा साडीचे टोक त्यात सापडले तर हात वर करायलाही अवधी मिळत नाही. म्हणून शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले त्याच दिवशी मी काम थांबवून नवे आणले.

हडपसरच्या सोसायटीत ग्राइंडरचा आवाज चालत नाही, त्यामुळे आता सगळी हत्यारे शेतावरच्या शेडमध्ये लोखंडी ट्रंकेत असतात. पावसाळ्यात पाने व ड्रिलचे बिट तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. कानशींना तेल लावत नाही, कारण मग त्या धातूवरून घसरतात. त्या कोरड्या कागदात गुंडाळून विजेच्या छोट्या दिव्याजवळच्या फळीवर ठेवतो. चार पावसाळ्यांत आतापर्यंत एकच कानस गंजली आहे, ती मेहुणे श्रावणात दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले होते आणि त्यांनी ती दिवाळीला परत आणून दिली.